कातडीचा रंग आणि रुग्णालयाचे दप्तर

ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, ज्याच्यावर कोणत्याही न्यायासनापुढे आरोप ठेवला गेलेला नाही, अशा नागरिकाला त्याच्या इच्छेविरुद्ध एका इमारतीत नेऊन ठेवण्याचा, प्रसंगी चारचौघांनी त्याचे हातपाय धरून त्याच्या दंडात औषध टोचण्याचा आणि तो बाहेर केव्हा पडेल हे ठरवण्याचा अधिकार आधुनिक राज्यसंस्थेने ज्या एका खात्याकडे सोपवलेला आहे, ते खाते म्हणजे सार्वजनिक मानसोपचार होय. हा अधिकार मुळातच अन्यायाचा आहे, असे कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाही. भ्रमिष्टावस्थेत स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाला आवरणे हे कित्येकदा दयेचेच कृत्य असते. परंतु अधिकार जितका मोठा तितका त्याचा जमाखर्च चोख असला पाहिजे, हा राज्यव्यवहाराचा जुना दंडक आहे. समतेच्या गोष्टी बोलणाऱ्या एखाद्या प्रगत देशात हा अधिकार एका वर्णाच्या लोकांवर दुसऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा कित्येक पटींनी अधिक वापरला जात असेल, तर तेथील डॉक्टर मनाने किती उदार आहेत या चौकशीत वेळ न दवडता त्या खात्याचे दप्तर उघडून पाहावे, हेच शहाणपणाचे ठरते.

असा देश म्हणजे इंग्लंड. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा, जिला तिकडे आणि इकडेही ‘एनएचएस’ याच नावाने लोक ओळखतात, १९४८ साली सुरू झाली ती गरीब-श्रीमंत असा भेद न करता आणि दारात पैसा न मागता प्रत्येकाला उपचार देण्याच्या प्रतिज्ञेने. आणि ही प्रतिज्ञा तिने पुष्कळ अंशी पाळलीही आहे. या सेवेच्या मानसोपचार शाखेत १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली किती लोकांना सक्तीने ठेवले गेले, याचे आकडे सरकार दरसाल प्रसिद्ध करते. २०१७-१८ या वर्षी दर लाख गोऱ्या लोकांमागे हे प्रमाण ७१.८ होते आणि दर लाख कृष्णवर्णीयांमागे २८८.७, म्हणजे चौपट. पाच वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, हेच आकडे ६४.१ आणि २२७.९ असे झाले, म्हणजे साडेतीनपट. रुग्णालयातून घरी गेल्यावरही ठरलेले उपचार घेत राहण्याची अट ज्या हुकमाने घातली जाते आणि अट मोडल्यास पुन्हा रुग्णालयात बोलावले जाते, तो हुकूम बजावला जाण्याचे प्रमाण तर २०१७-१८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या सुमारे आठपट होते. इंग्लंडच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु बंद दाराच्या वॉर्डात शिरणाऱ्याला ही गोष्ट सांगूनही खरी वाटू नये, अशी तेथील स्थिती असते.

या आकड्यांच्या मागे जो व्यवहार चालतो तोही समजून घेतला पाहिजे. मनाचा आजार एका रात्रीत उद्भवत नाही. झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, माणसे टाळावीशी वाटतात, आणि अशा अवस्थेत कित्येक महिने जातात. या काळात ज्याचा आपल्या फॅमिली डॉक्टरवर विश्वास असतो तो त्याच्याकडे जातो, डॉक्टर त्याला बोलून करावयाच्या उपचारांकडे पाठवतो, आणि पुष्कळदा गोष्ट तेथेच आटोक्यात येते. कृष्णवर्णीय रुग्ण या वाटेने कमी येतात. त्यांच्यापैकी अनेकांची मानसोपचाराशी पहिली गाठ पडते ती पोलिसांच्या हस्ते, कारण सार्वजनिक जागी भ्रमिष्टासारख्या वागणाऱ्या माणसाला सुरक्षित ठिकाणी नेण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या १३६ व्या कलमाने पोलिसांना दिलेला आहे. ज्याच्या काकाला वा शेजाऱ्याला पोलीस धरून घेऊन गेले आणि तो औषधांनी सुजलेला, जीभ जड झालेला असा घरी परतला, तो तरुण स्वतःला बरे वाटेनासे झाल्यावर त्याच दारी आपल्या पायांनी कशाला जाईल? तो जात नाही. आजार विकोपाला जातो. मग पोलीस येतात, आणि वॉर्डातील परिचारकाला दिसतो तो एक धिप्पाड, बिथरलेला, बेड्या घातलेला काळा मनुष्य. ‘सेन्सबरी सेंटर फॉर मेंटल हेल्थ’ या संस्थेने २००२ मध्ये या विषयावर जो अहवाल काढला, त्यात या प्रकाराला भीतीचे वर्तुळ म्हटले होते: रुग्ण संस्थेला भितो, संस्था रुग्णाला भिते, आणि प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याची भीती खरी ठरवीत जाते.

या भीतीची किंमत काय, हे कळण्यासाठी डेव्हिड बेनेट यांची हकीकत पुरेशी आहे. जमेकात जन्मलेला, लहानपणी इंग्लंडात आलेला, रास्ताफारी पंथाचा हा मनुष्य अठरा वर्षे स्किझोफ्रेनियाने आजारी होता आणि १९९८ साली नॉर्विच शहरातील एका सुरक्षित मानसोपचार केंद्रात राहत होता. काही वर्षांपूर्वी त्याने याच केंद्रातील परिचर्या विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहून, येथे काळे रुग्ण इतके असताना काळा कर्मचारी एकही कसा नाही, असे सभ्यपणे विचारले होते. १९९८ च्या ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी रुग्णांसाठी ठेवलेल्या टेलिफोनवरून त्याचे एका गोऱ्या रुग्णाशी भांडण जुंपले; त्या रुग्णाने त्याला वर्णावरून शिव्या दिल्या; दोघांची हाणामारी झाली. कर्मचाऱ्यांनी भांडण सोडवले आणि दोघांपैकी एकाला दुसऱ्या वॉर्डात हलवायचे ठरवले. हलवला गेला तो बेनेट.

ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या मनात वर्णद्वेष होता, असे मानण्याचे कारण नाही. एवढेच झाले की, शिव्या खाणारा आणि शिव्या देणारा यांच्यात संस्थेने फरक केला नाही, आणि जो थोडासा फरक केला तो शिव्या खाणाऱ्याच्या विरुद्ध गेला. नव्या वॉर्डात आपल्यालाच शिक्षा झाली हे लक्षात येताच बेनेटने तेथील एका परिचारिकेवर हात उगारला. मग अनेक परिचारकांनी मिळून त्याला जमिनीवर पालथे पाडले आणि सुमारे २५ मिनिटे तसेच दाबून धरले. तो त्यातून उठला नाही. वय ३८ वर्षे. त्याची बहीण स्वतः मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी आणि विद्याविभूषित. तिने आणि कुटुंबाने सतत पाठपुरावा केला, म्हणून निवृत्त न्यायाधीश सर जॉन ब्लोफेल्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली, आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल बाहेर आला.

इंग्लंडमधला हा पहिलाच मृत्यू असता तर तो अपघात म्हणून सोडून देता आला असता. परंतु ब्रॉडमूर या अतिसुरक्षित रुग्णालयात एकांतकोठडीत मरण पावलेले कृष्णवर्णीय पुरुष १९८४, १९८८ आणि १९९१ असे सात वर्षांत तीन झाले होते, आणि त्यांतील शेवटच्या मृत्यूच्या चौकशीने १९९३ मध्येच दाखवून दिले होते की, काळा आणि धिप्पाड म्हणजे धोकादायक, हे समीकरण त्या संस्थेच्या हाडीमासी मुरलेले आहे. ब्लोफेल्ड समितीने याच्याही पुढे जाऊन, आरोग्यसेवेत संस्थात्मक वंशभेद सर्वत्र आहे आणि मंत्र्यांनी तो मान्य केला पाहिजे, असा निर्वाळा दिला. कोणत्याही रुग्णाला पालथे पाडून तीन मिनिटांपेक्षा अधिक काळ दाबून धरू नये, अशी तिची एक नेमकी, घड्याळावर तपासता येईल अशी शिफारस होती. सरकारने बाकी पुष्कळसे गोड शब्दांत स्वीकारले. ही तीन मिनिटांची मर्यादा मात्र स्वीकारली नाही.

त्याऐवजी २००५ च्या जानेवारीत एक पाच वर्षांची योजना जाहीर झाली, आणि ती वाचली तर तिच्यात खोट काढणे कठीण जावे इतकी ती सद्भावनेने भरलेली होती. वस्त्यावस्त्यांत जाऊन लोक आणि सेवा यांच्यात दुवा जोडणारे ५०० कार्यकर्ते नेमावयाचे, कर्मचाऱ्यांना निरनिराळ्या संस्कृतींची ओळख करून द्यावयाची, आणि दरसाल ३१ मार्च रोजी देशातील सर्व मानसोपचार रुग्णालयांतील रुग्णांची वर्णनिहाय गणना करावयाची, असा तिचा आराखडा होता. गणना २००५ ते २०१० अशी सहा वेळा झाली. सहाही वेळा उत्तर तेच आले: कृष्णवर्णीयांचे दाखल होण्याचे प्रमाण सरासरीच्या दुपटीहून अधिक. योजनेची मुदत संपली, कार्यकर्त्यांच्या जागा हळूहळू आटल्या, आणि गणनाही बंद पडली.

हे अपयश विचार करण्याजोगे आहे, कारण समतेसाठी हिशेब ठेवा असे सांगणाऱ्याला येथे कोणीही अडवून विचारील की, हिशेब तर ठेवला होता, मग फळ का मिळाले नाही? उत्तर असे की, तो हिशेब कोणाचाच नव्हता. सबंध देशाचा आकडा दरसाल प्रसिद्ध होई, लोक हळहळत, आणि ज्या रुग्णालयात ही सक्ती होत होती त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापक मंडळातील एकाही सभासदाला ‘तुमच्याकडे असे का?’ हा प्रश्न विचारला जात नसे. खजिन्यात तूट आली तर कोणत्या फडणिसाने जाब द्यावयाचा हे ज्या राज्यात ठरलेले नाही, तेथे रोजकीर्द कितीही नीटनेटकी ठेवली तरी तूट भरून येत नाही. शिवाय ही मोजणी रुग्णालयात त्या दिवशी कोण आहे याची होती. कोणाला किती वेळ दाबून धरले, कोणाला कोठडीत टाकले, या सक्तीच्या कृतींना ती पुरती भिडत नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते वजनदार आहे आणि ते मांडणाऱ्यांत आपल्याकडून तिकडे गेलेले मानसोपचारतज्ज्ञही आहेत. २००६ मध्ये स्वरण सिंग आणि टॉम बर्न्स यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असा मुद्दा मांडला की, कृष्णवर्णीयांमध्ये तीव्र मनोविकार खरोखरच अधिक आढळतो, सक्तीचे प्रमाण त्यामुळे वाढते, आणि मानसोपचाराला वंशभेदी ठरवण्याने दुसरे काही न होता आजारी माणूस उपचारापासून आणखी दूर पळतो. त्याच वर्षी लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल येथील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात आफ्रिकी-कॅरिबियन लोकांमध्ये स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट आढळले. तेव्हा आकड्यांतील सारी तफावत डॉक्टरांच्या पूर्वग्रहातून आली असे म्हणणे अडाणीपणाचे होईल.

परंतु या युक्तिवादाचा शेवट जेथे केला जातो तेथे तो संपत नाही. नव्वदीच्या दशकात जमेका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस या बेटांवर जाऊन हेच प्रमाण मोजले गेले, तेव्हा तेथे ते इंग्लंडातील कॅरिबियन लोकांइतके मुळीच आढळले नाही. त्रिनिदादमधील अभ्यासात ज्यांचा पुढाकार होता ते दिनेश भुग्रा हे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि पुढे इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सचे अध्यक्ष झालेले. आजार रक्तात असता तर तो बेटावरही तितकाच दिसला असता. तो जर समुद्र ओलांडल्यावर वाढतो, तर घरभाड्याची पाटी पाहून दार ठोठावणाऱ्याला रंग बघून मिळणारा नकार, शाळेतून काढून टाकलेली मुले, बेकारी, रस्त्यात पुन्हा पुन्हा होणारी पोलिसांची झडती, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे, हे मान्य करावे लागते. आणि एकदा हे मान्य केले की, समाजाने ज्याला आजारी पाडले त्याला रुग्णालयाने अधिक मायेने वागवावे की अधिक सक्तीने, हा प्रश्न उरतोच. आजाराचे प्रमाण अधिक आहे म्हणून रुग्ण अधिक आले, हे समजण्यासारखे आहे. परंतु आजाराचे प्रमाण अधिक आहे म्हणून ते पोलिसांच्या गाडीतून आले आणि तोंडावर पाडले गेले, हा कोणत्याही वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष नाही.

मानसोपचाराच्या सरकारी संस्थांत वर्ण पाहून दोन दारे ठेवण्याची रीत इंग्रजांना नवी नव्हती, आणि तिचा एक भाग आपल्याच भूमीवर घडलेला आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतील गोऱ्या माणसाला वेड लागले तर त्याला हिंदुस्थानात फार काळ न ठेवता विलायतेस रवाना करावे, असा रिवाज होता. त्यासाठी लंडनच्या हॅकनी भागातील पेम्ब्रोक हाउस १८१८ पासून आणि ईलिंग येथील रॉयल इंडिया असायलम १८७० पासून राखून ठेवलेले होते. सत्ताधारी वंशाचा मनुष्य प्रजेच्या डोळ्यांदेखत भ्रमिष्ट होऊन फिरला तर सत्तेचा दरारा उणावेल, ही चिंता त्यामागे होती, हे इतिहासकारांनी साधार दाखवले आहे. पुढे रांचीस १९१८ मध्ये युरोपियनांसाठी मनोरुग्णालय उघडले आणि हिंदी लोकांसाठी त्याच रांचीत निराळे रुग्णालय १९२५ मध्ये निघाले. त्या व्यवस्थेत प्रत्येक अधिकारी दुष्ट होता असे नाही. कित्येक आपल्या कामात अत्यंत दक्ष आणि दयाळू होते. व्यक्तीची दया आणि संस्थेचा पक्षपात एकाच इमारतीत सुखाने नांदू शकतात, याचा याहून चांगला पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही.

इंग्रजी राज्य गेले, आणि साठ-सत्तरच्या दशकांत उलट दिशेने आपले डॉक्टर इंग्लंडात गेले. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या या तरुणांपैकी अनेकांना हृदयरोग वा शस्त्रक्रिया यांसारख्या मानाच्या शाखांत जागा मिळाली नाही; तेथील मुले ज्या शाखांकडे पाठ फिरवीत त्या वृद्धचिकित्सा आणि मानसोपचार या शाखांत त्यांना सामावून घेतले गेले. म्हणजे ज्या वॉर्डांत सावळा मनुष्य रुग्ण म्हणून अधिक दिसे, त्याच वॉर्डांत सावळा मनुष्य डॉक्टर म्हणूनही अधिक दिसू लागला. वरकरणी पाहता हीच समता वाटावी; परंतु निर्णय जेथे होतात त्या मंडळांकडे पाहिले म्हणजे भ्रम फिटतो. २०१४ मध्ये रॉजर क्लाइन यांनी लंडनमधील आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनाची पाहणी करून जो अहवाल लिहिला, त्यात पायथ्याशी रंगीबेरंगी असलेली ही सेवा शिखरावर पांढरीशुभ्र कशी होते ते मांडले होते. पुढच्याच वर्षापासून प्रत्येक संस्थेने आपल्या नोकरवर्गाची वर्णनिहाय स्थिती, म्हणजे कोणाला बढती मिळते, कोणावर शिस्तभंगाची कारवाई होते, कोणाला छळ सोसावा लागतो, हे दरसाल जाहीर करावे असा दंडक आला. स्वतः अन्याय सोसणारा परिचारक रुग्णाला न्याय देईलच अशी खात्री नाही. पण ज्या संस्थेत त्याला स्वतःच्या तक्रारीची दाद लागत नाही, तेथे तो रुग्णाच्या वतीने तोंड उघडील ही आशा व्यर्थ आहे. शिवाय आपल्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे की, ज्या कागदावर रुग्णाला सक्तीने ठेवण्याची शिफारस होते, त्यावर सही कित्येकदा त्यांचीच असते, आणि सही करणाऱ्याचा वर्ण सावळा असल्याने तो कागद आपोआप निर्दोष ठरत नाही.

खरा बदल घडवणारी गोष्ट पुन्हा एका मृत्यूनंतरच आली. ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा पदवीधर तरुण २०१० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मनःस्थिती बिघडली म्हणून आई-वडिलांसह, स्वतःच्या इच्छेने, लंडनच्या बेथलेम रॉयल रुग्णालयात गेला. आई-वडील घरी परतल्यावर तो अस्वस्थ होऊन बाहेर पडू पाहू लागला. कर्मचाऱ्यांनी पोलीस बोलावले. ११ पोलिसांनी त्याला आळीपाळीने दाबून धरले. तो बेशुद्ध झाला आणि काही दिवसांत मरण पावला. २०१७ मध्ये मृत्युचौकशीतील ज्यूरीने बळाचा वापर अवाजवी ठरवला आणि पोलीस व रुग्णालय या दोघांच्याही चुका दाखवल्या. त्याच्या मातापित्यांच्या प्रयत्नांतून १ नोव्हेंबर २०१८ रोजी एक कायदा संमत झाला, ज्याला तिकडे ‘सेनीचा कायदा’ म्हणतात.

या कायद्याची भाषा रुक्ष आहे, आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. प्रत्येक मानसोपचार संस्थेने बळाच्या वापराबद्दल उत्तरदायी असा एक वरिष्ठ अधिकारी नावानिशी नेमावा; बळ वापरले की तारीख, वेळ, जागा, किती मिनिटे, कोणत्या प्रकारे, कोणी, कशासाठी, ते टाळण्यासाठी आधी काय केले, रुग्णास इजा झाली काय, ज्यांना कळवावयाचे ठरले होते त्यांना कळवले काय, हे सारे नोंदवावे; त्या नोंदीत रुग्णाचा वंशही लिहावा; नोंदी जतन कराव्यात; आणि सरकारने या नोंदींवरून दरसाल आकडेवारी प्रसिद्ध करावी. मदतीस येणाऱ्या पोलिसाच्या अंगावर शक्य असेल तेव्हा कॅमेरा चालू असावा. ‘सर्वांशी सहृदयतेने वागा’ असा उपदेश यात कोठेही नाही. परंतु रात्रपाळीला दमलेला परिचारक रुग्णाला पाडण्यासाठी पुढे सरसावतो तेव्हा त्याला हे ठाऊक असते की, या प्रत्येक मिनिटाचा कागद तयार होणार आहे, आणि तो कागद त्याच्या वरच्याला वाचावा लागणार आहे. सद्भावना थकते, कागदाला थकवा येत नाही.

त्याच सुमारास सर सायमन वेस्ली यांच्या समितीने मानसिक आरोग्य कायद्याचा फेरविचार करून २०१८ च्या डिसेंबरात आपला अहवाल दिला, आणि तिच्या सूचनेवरून एनएचएसने २०२३ मध्ये रुग्ण व त्यांची काळजी वाहणारे नातलग यांना केंद्रस्थानी ठेवणारी वंशसमतेची एक चौकट मानसोपचार रुग्णालये चालवणाऱ्या सर्व ट्रस्टांवर बंधनकारक केली. ट्रस्टच्या संचालकांनी या विषयाची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी, आपली वर्णनिहाय आकडेवारी लोकांपुढे ठेवावी, सुधारणेचा आराखडा स्थानिक रुग्ण आणि नातलग यांच्याबरोबर बसून करावा, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्याची कायमची व्यवस्था ठेवावी, असे तिचे स्वरूप आहे. २००५ च्या योजनेपेक्षा ही चौकट एका गोष्टीत निश्चित पुढे आहे: आकडा आता देशाचा नसून त्या त्या ट्रस्टचा आहे, आणि त्याला धनी आहे.

तरीही शंका राहतातच. चौकट अमलात आणण्यास लागणारे मनुष्यबळ जेथे मुळातच अपुरे आहे, खाटा कमी आहेत आणि परिचारकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे ही कामगिरी कोणा एका ‘समता अधिकाऱ्या’च्या गळ्यात बांधून बाकीचे मोकळे होण्याचा धोका मोठा आहे. रुग्णांना सभेला बोलवावयाचे, चहा द्यावयाचा, त्यांचे अनुभव ऐकून हळहळावयाचे आणि ठराव मात्र आधीच ठरलेला संमत करावयाचा, ही रीत जगातील कोणत्याही सरकारी खात्याला शिकवावी लागत नाही. आणि वेस्ली समितीच्या मूळ शिफारशींवरून कायदा बदलण्याचे विधेयक पार्लमेंटपुढे यायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला, यावरून या बाबतीतील घाई किती आहे ते दिसतेच.

म्हणून माझ्या मते तेथील लोकप्रतिनिधींनी, आणि त्यांच्यामागे लागण्याची ताकद असलेल्या तेथील आपल्या भारतीय डॉक्टरांनी व परिचारिकांनी, तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, सक्तीतील वर्णनिहाय तफावत ठरावीक मुदतीत कमी झाली नाही तर त्या ट्रस्टच्या मुख्याधिकाऱ्याच्या नेमणुकीचा फेरविचार व्हावा. पैशाची तूट आल्यावर तो होतो, माणसांच्या बाबतीत का होऊ नये? दुसरी, संचालक मंडळात ज्यांना त्या ट्रस्टने कधी काळी सक्तीने ठेवले होते अशा माणसांना सल्लागार म्हणून नव्हे, मताधिकारासह जागा मिळावी. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, पैसा वॉर्डाच्या दारापासून थोडा मागे सरकावा: चर्चमध्ये, केशकर्तनालयात, वस्तीतील सभागृहात, जेथे कृष्णवर्णीय तरुण आपल्या पायांनी जातो तेथे, आजार कोवळा असतानाच मदत मिळावी, म्हणजे पोलिसांच्या गाडीची पाळी येणार नाही.

हे सारे वाचून, परक्या देशाच्या घरातील ही उठाठेव आपल्याला कशाला, असे कोणास वाटेल. त्याने आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडून पाहावा. त्याच्या १८ व्या कलमात लिंग, धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क शब्दांत नोंदवलेला आहे. ९७ व्या कलमाने रुग्णास एकांतकोठडीत ठेवण्यास बंदी केली आहे, आणि त्याला जखडून ठेवण्याचा प्रत्येक प्रसंग दरमहा पुनर्विलोकन मंडळास कळवण्याची आज्ञा दिली आहे. परंतु त्या कलमात हे प्रसंग कोणत्या जातीच्या, कोणत्या समाजाच्या माणसांवर आले याची वर्गवारी करण्याची आज्ञा नाही. इंग्लंडला आपली लाज आकड्यांत वाचता येते, कारण त्याने ती मोजली. ज्याची मोजदाद नाही त्याबद्दल निर्दोष असल्याचा दावा आपणही करू शकत नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये सरकारी खर्चाने चालतात. या चारांनी आपले मासिक अहवाल, रुग्णांची नावे वगळून, सामाजिक वर्गवारीसह प्रसिद्ध करावेत, अशी मागणी विधिमंडळात एखाद्या सभासदाने येत्या अधिवेशनात करावी. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा खर्चही फारसा लागत नाही. लागते ती फक्त दप्तर उघडण्याची तयारी.